मूठभर बेदाणे, बहात्तर तास

पुढचं घर आणि त्या घरातली बिट्टी मी कल्पनेनं उभी केली आहे. तिच्या अंगात तासागणिक जे घडत जातं, ते मात्र कल्पनेतलं नाही. बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांच्या पशुवैद्यकीय नोंदींत ते साधारण याच क्रमानं सापडतं. घर सांगलीतलं घेतलं, कारण तासगावच्या बेदाण्याचा डबा तिथे घरोघरी असतो आणि त्याच्याकडे संशयानं बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. या विषाचं घड्याळ कुत्र्यानं खाल्ल्या क्षणी सुरू होतं. घरातल्या माणसांची नजर त्यावर जाते ती कुत्रं आजारी दिसल्यावर. मधल्या वेळात काय काय निसटतं, ते तासांच्या हिशोबानं मांडतो आहे.

शनिवार, संध्याकाळी ७.१० । ७२ तास बाकी

श्रावणातली सत्यनारायणाची पूजा. आरती झालीय, बाहेरच्या खोलीत तीर्थप्रसाद चाललाय. स्वयंपाकघरात कुणी नाही. शिऱ्यात घालून उरलेले बेदाणे पिशवीतच आहेत. पिशवीच्या तोंडाला नुसता पीळ दिलाय आणि ती ओट्याखाली, पोळीच्या डब्यावर ठेवलीय. बिट्टी नऊ किलोची, अडीच वर्षांची; आई गावठी, बाप शेजारच्या गल्लीतला स्पिट्झ. ती पिशवीचं टोक दातात धरते, ओढते आणि फरशीवर सांडलेले बेदाणे एकूण एक टिपते. शंभर ग्रॅम तरी असतील. दोन मिनिटंही लागत नाहीत.

कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे तीन ग्रॅमच्या आसपास बेदाणे पोटात गेल्यावर मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. बिट्टीच्या वजनाला हा हिशोब सत्तावीस ग्रॅमचा होतो. म्हणजे एक मूठ, तीही पुरती भरलेली नाही.

शनिवार, ७.४० । साडेएकाहत्तर तास बाकी

फाटकी पिशवी आजींना दिसते.

"हिनं सगळे बेदाणे फस्त केले बघ."

"आई, तिला काही व्हायचं नाही ना?" सून विचारते.

"बेदाण्यानं काय व्हायचंय गं? तान्ह्या लेकराला मनुकांचं पाणी देतो आपण."

दहावीतली नात बिट्टीला जवळ घेते, नाकाला नाक लावते. बिट्टी शेपूट हलवते. विषय संपतो.

या तीन वाक्यांपाशी मला थांबायचं आहे, कारण बहात्तर तासांतली सगळ्यांत मोलाची वेळ इथे जाते आहे. आजींचं म्हणणं माणसाच्या बाबतीत अगदी खरं आहे. कुत्र्याच्या बाबतीत ते खोटं आहे, हे पशुवैद्यांनाही फार जुन्या काळापासून माहीत नव्हतं. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेच्या नोंदी ठेवणारं एक केंद्र आहे. द्राक्षं किंवा बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, हे तिथल्या पशुवैद्यांनी २००१ मध्ये अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मांडलं. २००५ मध्ये अशा ४३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या त्या ४३ पैकी २३ जगली. म्हणजे ही गोष्ट कळून जेमतेम पाव शतक होतंय, आणि बाळंतिणीच्या खोलीतलं मनुकांचं पाणी त्याहून कितीतरी जुनं आहे.

आत्ता, या क्षणी रिक्षा बोलावली असती तर काय झालं असतं? डॉक्टरांनी ओकारी आणणारं औषध दिलं असतं आणि थोड्याच वेळात बहुतेक बेदाणे बाहेर पडले असते. मग दोन दिवस शिरेतून सलाइन, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत रोज रक्त तपासणी. खर्च आणि दगदग दोन्ही झालीच असती. पण मूत्रपिंडाला धक्का लागायच्या आत उपचार मिळालेली कुत्री बहुतेक वेळा चालत घरी जातात.

एक गोष्ट मात्र घरी करायची नाही: ओकारी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजायचं नाही. आपल्याकडे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. ओकारी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं, मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात. मिठानंच कुत्री दगावली आहेत.

शनिवार, रात्री ९.१० । ७० तास बाकी

बिट्टी आजींच्या खुर्चीखाली झोपलीय. पाहुणे निघाले. एरवी विष खाल्ल्यावर पहिल्या दोन तासांत ओकारी काढावी असं सांगतात. बेदाणे मात्र पोटात पाणी शोषून फुगतात आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतात, त्यामुळे अजूनही ते बाहेर काढता येतील. ते काढायला हवेत, हे ठाऊक असलेलं माणूस या घरात नाही.

रविवार, पहाटे २.२० । ६५ तास बाकी

ओकारीच्या आवाजानं सून जागी होते. दिवा लावते. जोत्याजवळ पिवळसर पाणी, शिऱ्याचे थोडे कण आणि त्यात दहा-बारा बेदाणे. सुकलेले, सुरकुतलेले असे ते उरलेले नाहीत. पाणी पिऊन टपोरे झालेत, साल ताणलेली, फिकट हिरवी, पुन्हा द्राक्ष व्हायला निघाल्यासारखे. ती जुन्या वर्तमानपत्रानं सगळं गोळा करते, बाहेरच्या बादलीत टाकते, फिनेलचा बोळा फिरवते. पाऊण तासानं पुन्हा ओकारी, या वेळी नुसता फेस.

त्या ४३ कुत्र्यांच्या अभ्यासात ओकारी प्रत्येकाला झाली होती. बहुतेकांना ती पहिल्या चोवीस तासांत होते. त्या वर्तमानपत्रात निदान गुंडाळलेलं होतं. पहाटे अडीचला पुसापुशी करणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. एवढंच म्हणेन, की कुत्र्यानं ओकलेलं पुसण्याआधी त्याचा मोबाइलवर एक फोटो काढावा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा त्याचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

रविवार, सकाळी ८.०० । ५९ तास बाकी

"रात्री ओकली, पोट हलकं झालं. आता बरी आहे."

ओकारी थांबलीय, हे खरं. पण दहीभाताच्या वाटीला बिट्टी नाक लावते आणि मान फिरवते. जेवणावर कधीही न रुसणारी कुत्री सकाळभर दाराशी पडून आहे. गल्लीच्या टोकाच्या पशुवैद्यांच्या दवाखान्यावर पाटी आहे: रविवारी बंद. पाटीखाली मोबाइल नंबरही आहे. तो लावावा इतकी ती आजारी दिसत नाही.

रविवार, दुपारी ४.४० । साडेपन्नास तास बाकी

शेजारच्या काकू चौकशीला येतात. "अंग दुखत असेल तिचं. ही अर्धी गोळी द्या, आमच्याकडे सगळ्यांना लागू पडते." गोळीत आयब्युप्रोफेन आहे.

आजी नको म्हणतात. "माणसाची गोळी मुक्या जनावराला द्यायची नाही." का द्यायची नाही हे त्यांना सांगता येणार नाही, पण त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं कुत्र्याच्या आतड्याला भोकं पाडतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. बिट्टीच्या मूत्रपिंडांना आज ते सोसलंच नसतं. पॅरासिटॅमॉलही तसंच: जास्त मात्रेत यकृत जातं, आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं.

रविवार, संध्याकाळी ७.१० । ४८ तास बाकी

चोवीस तास झाले. बिट्टी उठून भांडंभर पाणी पिते. घरात सगळ्यांना हायसं वाटतं.

आत काय चाललंय ते बघू. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं. फळांमध्ये ते इतक्या प्रमाणात फारसं आढळत नाही. साधारण चार किलो द्राक्षं शेडमध्ये जाळ्यांवर वाळवली की एक किलो बेदाणा मिळतो. पाणी उडून जातं, आम्ल मागे राहतं. कुत्र्यांना बाधतं ते काय, याचा वीस वर्षं थांग लागत नव्हता. बुरशी, फवारणीचं औषध, जड धातू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. धागा मिळाला तो लहान मुलांच्या खेळण्यातल्या मळलेल्या पिठामुळे. क्रीम ऑफ टार्टर घालून घरी केलेलं असं पीठ एका कुत्र्यानं खाल्लं आणि त्याची लक्षणं थेट बेदाणे खाल्ल्यासारखी निघाली. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे टार्टारिक आम्लाचाच क्षार. २०२१ मध्ये त्याच विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी या आम्लाकडे बोट दाखवलं. पुढे प्रयोगशाळेत हे आम्ल कुत्र्याच्या आणि माणसाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर टाकून पाहिलं. कुत्र्याच्या पेशी मेल्या, माणसाच्या टिकल्या. माणसाच्या पेशीला हे आम्ल बाहेर टाकणारी एक वाट असते. कुत्र्याच्या पेशीत ती नसते, त्यामुळे आत शिरलेलं आम्ल आतच साठतं.

२०२२ मध्ये त्याच पशुवैद्यांनी आणखी काही कुत्र्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि त्या वाचताना मला आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. त्यांतली काही कुत्री चिंच खाऊन आजारी पडली होती. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल द्राक्षापेक्षाही कितीतरी जास्त असतं, आठ टक्क्यांपासून अठरा टक्क्यांपर्यंत. उन्हाळ्यात चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करून बरणीत भरायची आपल्याकडे रीत आहे. चिंच-गुळाच्या आमटीतला हिस्सा कुत्र्याच्या भातावर ओतायचीही रीत आहे. आमटीच्या पळीभरात कोळ थोडाच असतो. बरणीतल्या गोळ्याची गोष्ट वेगळी.

"आमच्या कुत्र्यानं द्राक्षं खाल्ली, त्याला काहीसुद्धा झालं नाही," असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खरंच सांगत असतात. जात, हवामान आणि पिकण्याची अवस्था यांनुसार द्राक्षातलं हे आम्ल ०.३५ टक्क्यांपासून २ टक्क्यांपर्यंत बदलतं. गेल्या वर्षी पचलेलं या वर्षी पचेलच, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

मूत्रपिंडाची आणखी एक अडचण आहे. त्याची काम करायची क्षमता गरजेपेक्षा इतकी जास्त असते की सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढत नाही. लघवी घट्ट करायची ताकद त्याआधी जाते, म्हणून पाण्यासारखी लघवी होते आणि तहान लागते. घरच्यांना हायसं वाटलं ते या तहानेनं.

सोमवार, सकाळी ९.४० । साडेतेहतीस तास बाकी

रात्रीत पुन्हा ओकाऱ्या झाल्या. सकाळी बिट्टीला उचलून न्यावं लागलं. मागचे पाय लटपटतायत. तोंडाला उग्र, लघवीसारखा वास येतोय. डॉक्टर मॅडम हिरड्या बघतात, पोट दाबून बघतात, रक्त काढतात आणि काढता काढता विचारतात, "गेल्या तीन दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काय खाल्लंय हिनं?"

"काहीच नाही. घरचंच."

"घरचं म्हणजे काय काय?"

नात सांगते, "शनिवारी बेदाणे खाल्ले होते. पिशवीभर."

डॉक्टर हातातली सिरिंज खाली ठेवतात. किती वाजता, किती ग्रॅम, पिशवीत किती उरले होते, ओकारीत किती पडले, असं एकेक विचारून लिहून घेतात. अर्ध्या तासात मशीनवर आकडा येतो. क्रिएटिनिन ६.२. निरोगी कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असतं.

सोमवार, दुपारी १.१० । ३० तास बाकी

आता सगळं एका आकड्यावर आहे: तासाला किती मिलिलिटर लघवी. नऊ किलोच्या निरोगी कुत्रीला तासाला नऊ ते अठरा मिलिलिटर व्हायला हवी, सलाइन चालू असताना त्याहूनही जास्त. बिट्टीला नळी घातलीय. पिशवीत पहिल्या तासाला चार, दुसऱ्या तासाला तीन.

आशा ठेवायला जागा आहे आणि ती शास्त्रात आहे. या विषानं मूत्रनलिकांचं अस्तर मरतं, पण त्याखालचा पाया बहुतेक वेळा शाबूत राहतो. पायावर नवं अस्तर येऊ शकतं. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर रक्त स्वच्छ ठेवून कुत्रं जगवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. त्या ४३ कुत्र्यांत ज्यांची लघवी कमी झाली, ज्यांचा तोल जाऊ लागला, अशक्तपणा आला, त्यांच्या वाचण्याचं प्रमाण कमी होतं. बिट्टीत यातलं सगळं आहे. डॉक्टर ते नातीसमोर बोलत नाहीत. सुनेला व्हरांड्यात नेऊन सांगतात.

संध्याकाळी लघवी वाढवणारं इंजेक्शन. रात्रभर दर तासाला नोंद. तीन. दोन. दोन. एक.

मंगळवार, सकाळी ६.१० । १३ तास बाकी

पिशवी कोरडी. आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, वजन नऊवरून नऊ किलो आठशेवर गेलंय, छातीत घरघर ऐकू येते. सलाइन आता कमी करावं लागतं, नाहीतर फुप्फुसात पाणी भरेल. रक्तात पोटॅशियम साठतंय. ते वाढलं की हृदयाची लय बिघडते. डॉक्टर कॅल्शियम देतात, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन देतात. त्यानं काही तास मिळतात.

डायलिसिसनं वेळ मिळाला असता. कुत्र्यांचं डायलिसिस देशात मोजक्याच ठिकाणी होतं. चेन्नईचं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकी एक, सांगलीहून हजार किलोमीटरच्या आसपास. नातीचे बाबा गाडी काढायला तयार आहेत. डॉक्टर स्पष्ट सांगतात, की एवढा प्रवास तिला झेपणार नाही.

मंगळवार, दुपारी २.१० । ५ तास बाकी

नाडी मंदावलीय. पोटॅशियम पुन्हा चढलंय. डॉक्टर दयामरणाविषयी बोलतात. तिला त्रास होतोय हे लपवत नाहीत. आजी म्हणतात, संध्याकाळपर्यंत थांबू, पोरीची शाळा सुटू दे. नात साडेपाचला येते आणि गणवेशातच टेबलाशी उभी राहते.

मंगळवार, संध्याकाळी ७.१०

इंजेक्शनची गरज पडली नाही. हृदय आपणहून थांबलं. केसपेपरवर डॉक्टरांनी कारण लिहिलं: बेदाण्यांची विषबाधा, तीव्र मूत्रपिंड निकामी.

बुधवार, सकाळी ९.००

स्वयंपाकघर रिकामं केलं जातंय. पुण्याची नणंद रात्रीच आली आहे आणि तिच्या घरी बीगल आहे, त्यामुळे यादी तिलाही हवीय. सून डॉक्टरांना फोन लावून एकेक वस्तू विचारते, नात वहीत लिहिते. प्रत्येक वस्तूचं घड्याळ वेगळं निघतं.

नणंदेच्या पर्समधलं शुगर-फ्री च्युइंगम: त्यात झायलिटॉल असेल तर अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, मग झटके, आणि जास्त मात्रेत यकृतही जातं. वेष्टनावर ते नाव किंवा ९६७ हा आकडा असतो. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. काही तासांत धडधड आणि थरथर सुरू होते, आणि कुत्र्याच्या अंगातून ते निम्मं उतरायलाच सतरा-अठरा तास लागतात. कांदा-लसूण, कच्चा असो की शिजवलेला किंवा मसाल्यातला: रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, पण हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसायला तीन ते पाच दिवस जातात, तोवर कांदाभज्यांची आठवणही कुणाला नसते. कपाटातल्या डांबरगोळ्यांनीही रक्तपेशी फुटतात. चिंचेची बरणी वरच्या फळीवर जाते.

गॅसच्या सिलिंडरमागून उंदरांसाठी ठेवलेली निळी वडी निघते, एका कडेनं कुरतडलेली. उंदरानं की बिट्टीनं, ते आता कळायचं नाही. वडीत ब्रोमॅडिओलोन आहे. ते रक्त गोठवणारे घटक तयार होऊ देत नाही. आधीचे घटक एक-दोन दिवस पुरतात, म्हणून अशी वडी खाल्लेलं कुत्रं तीन ते पाच दिवस ठणठणीत दिसतं आणि मग छातीत, पोटात रक्तस्राव सुरू होतो. वेळेत कळलं तर उपाय आहे: के-१ हे जीवनसत्त्व तीन-चार आठवडे न चुकता, आणि औषध थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी.

"वेष्टन आहे का?" डॉक्टर फोनवर विचारतात. "ते टाकू नका. सगळी उंदरांची औषधं सारखी नसतात. झिंक फॉस्फाइडची काळी पूड असेल तर काही तासांतच सगळं आटोपतं. तसं कुत्रं आणताना त्याला खायला काही द्यायचं नाही, पोटातलं आम्ल वाढून विष आणखी सुटतं. आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या. त्याच्या ओकारीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो."

नात हे शब्दशः उतरवून घेते. नणंद वहीच्या पानाचा फोटो काढते आणि घरी नवऱ्याला पाठवते: सिंकखालचं कपाट आत्ता बघ.